अजगरांच्या हिशेबाचा शनिवार

पहाटे साडेपाच

मार्च महिना, पेनसिल्व्हेनियातलं ॲलनटाउन. बाहेर अजून अंधार आहे आणि अंगणाच्या कडेला जुनं, मळकं बर्फ पडून आहे. चहा गाळून मी लॅपटॉप उघडते. फेब्रुवारीपासून १५ एप्रिलपर्यंत आमच्या व्यवसायात शनिवार-रविवार नसतात. मी एनरोल्ड एजंट आहे. म्हणजे अमेरिकेच्या अर्थखात्याची परीक्षा देऊन, करदात्याच्या वतीने आयआरएससमोर, म्हणजे तिथल्या करखात्यासमोर, उभं राहण्याचा परवाना घेतलेली करसल्लागार. माझे बरेचसे अशील नर्स, ट्रकचालक आणि छोटे हॉटेलवाले. त्यांच्याबरोबर एक वेगळा गट हळूहळू जमत गेला आहे : घरातल्या एका खोलीत साप आणि पालींची पैदास करणारी माणसं.

एकाचं रिटर्न नीट झालं, त्याने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. दिवसा कुणी गोदामात काम करतं, कुणी शाळेची बस चालवतं. संध्याकाळी घरी आल्यावर खोलीतले कप्प्यांचे रॅक, प्रत्येक कप्प्यात प्लास्टिकचा टब, टबात बॉल पायथन. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला हा छोटा, लाजाळू अजगर; घाबरला की चेंडूसारखी गुंडाळी करून डोकं आत लपवतो. मादी एका वेळी साधारण पाच-सहा अंडी घालते आणि ती सुमारे दोन महिने उबवावी लागतात. काही जणांकडे लेपर्ड गेको असतात, काहींकडे क्रेस्टेड गेको. वर्षाची विक्री काही हजार डॉलर. आयआरएसच्या दृष्टीने किरकोळ रक्कम, पण या माणसांच्या घरखर्चात ती मोठी असते.

मेलमध्ये रात्री दोन वाजताचा निरोप आहे. एका अशिलाची चार वर्षांची मादी गेली. जोडी लावलेली होती, उन्हाळ्यात अंडी यायची होती. ‘बाजारात तिचे १,५०० डॉलर आले असते. हे नुकसान कुठे दाखवायचं?’

सकाळी सात

त्याला मी मेल न पाठवता फोन करते. असल्या गोष्टी लिहून कळवायच्या नसतात.

आधी मादीबद्दल बोलतो. मग उत्तर. ती त्याच्याच घरात अंड्यातून बाहेर आली होती, विकत घेतलेली नव्हती. तिला वाढवायचा खर्च, म्हणजे उंदीर, वीज, टबातला भुसा, हा सगळा त्या-त्या वर्षी वजा झालेला आहे. त्यामुळे कराच्या हिशेबात तिची किंमत शून्य, आणि शून्य गेल्याचं नुकसान शून्य. बाजारभाव इथे चालत नाही. विकत घेतलेली मादी असती तर खरेदी किंमत धरून, ती वयात आल्यापासून घसारा मिळाला असता आणि तिच्या मृत्यूच्या वर्षी न घेतलेली बाकी दाखवता आली असती.

तो गप्प राहतो, मग म्हणतो, ‘ठीक आहे.’ मला ते ठीक वाटत नाही. पण कायदा असाच आहे, आणि तो माझ्याकडून आधी कळलेला बरा, आयआरएसच्या पत्रातून नको.

सकाळी साडेनऊ

आजचं मोठं काम एका बसचालकाच्या घरी आहे. हातात मोजपट्टी घेऊनच जाते, कारण अशिलाची खोली मी स्वतः पाहिल्याशिवाय घराच्या वापराची वजावट लावत नाही. खोली १० फूट बाय १२ फूट. सोप्या पद्धतीने चौरस फुटाला ५ डॉलर, कमाल ३०० चौरस फूट. म्हणजे इथे ६०० डॉलर. अट एकच, पण कडक : खोली नियमितपणे आणि फक्त धंद्यासाठी वापरलेली हवी. कोपऱ्यात पाहुण्यांची खाट किंवा व्यायामाची सायकल असली तर वजावट अडचणीत येते. या खोलीत रॅक, उबवणीची पेटी, तराजू आणि एक खुर्ची आहे. बाकी काही नाही. मी दारातून दोन फोटो काढून फाइलला लावते.

मग त्याच्या टबांवरची कार्डं वाचायला घेते. कामाचा हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो. प्रत्येक टबाला एक कार्ड. तारीख, कोणत्या मापाचा उंदीर दिला, खाल्ला की नाही, वजन किती ग्रॅम, कात कधी टाकली, कोणत्या नराबरोबर किती दिवस ठेवली. चार वर्षांची कार्डं बुटांच्या खोक्यात तारीखवार लावलेली. कित्येक दुकानदारांची रोजकीर्द इतकी नेटकी नसते. तरीही या माणसाने मला पहिल्या भेटीत सांगितलं होतं की आपल्याकडे ‘काहीच रेकॉर्ड नाही’.

ही कार्डं म्हणजेच रेकॉर्ड. अमेरिकी करकायद्याच्या कलम १८३ खाली प्रश्न असतो तो हेतूचा : नफा मिळवण्याच्या खऱ्या इराद्याने हे चाललं आहे का? नियमांत त्यासाठी नऊ कसोट्या आहेत. काम धंद्याच्या शिस्तीने चालतं का, माणसाला त्यातलं ज्ञान आहे का, वेळ आणि कष्ट किती जातात, मालाची किंमत वाढण्याची आशा आहे का, आधी असं काही यशस्वी केलं आहे का, नफा-तोट्याचा इतिहास काय, कधीतरी झालेला नफा केवढा, दुसरं उत्पन्न किती, आणि यात मौजेचा भाग किती. एकाच कसोटीवर निकाल लागत नाही. पाचपैकी तीन वर्षं नफा दिसला तर नफ्याचा हेतू गृहीत धरला जातो; घोड्यांसाठी ही सवलत सातपैकी दोन वर्षं अशी आहे. सापांना घोड्यांची सवलत नाही. पशुधनाची व्याख्या देणाऱ्या एका करनियमात तर पक्षी, मासे आणि बेडकांबरोबर सरपटणारे प्राणीही नाव घेऊन वगळलेले आहेत. गाय पाळणाऱ्याला मिळणारं सगळंच अजगर पाळणाऱ्याला मिळेल असं धरून चालू नये.

कार्डांवर नाहीत ते पैसे. म्हणून मी त्याला प्रत्येक कार्डावर दोन ओळी वाढवायला सांगते : कुणाकडून केवढ्याला घेतला, कुणाला केवढ्याला दिला.

टेबलावर बसून आम्ही गेल्या वर्षाचा हिशेब जुळवतो. एक व्यवहार त्याने कुठेच लिहिलेला नाही : पेस्टल रंगाचे दोन नर देऊन एक मादी घेतली. पैशांची देवघेव नाही, म्हणून लिहायचं काय, असं त्याला वाटतं. पण अदलाबदलही उत्पन्नच असतं, बाजारभावाने. सुदैवाने दोघांच्या फोनवरच्या संभाषणात किंमत लिहिलेली आहे, ४५० डॉलर. ते ४५० उत्पन्नात जातात आणि तीच त्या मादीची खरेदी किंमत ठरते. उद्या तिला काही झालं तर तिची किंमत शून्य असणार नाही. पिल्लांच्या वाट्यावर नर उसना देण्याची पद्धतही या लोकांत आहे. वाट्याला आलेली पिल्लं हीदेखील कमाईच.

विक्री ६,४०० डॉलर, अदलाबदल धरून. एक पिल्लू पाठवताना वाटेत दगावलं, त्याचे ३५० डॉलर ग्राहकाला परत. खाद्य, वीज, भुसा, प्रदर्शनांचं टेबलभाडं, पाठवणी, पशुवैद्य आणि १,१०० डॉलरचा नवा रॅक मिळून ४,६५० डॉलर. २,५०० डॉलरच्या आतली वस्तू निवड कळवून त्याच वर्षी पूर्ण वजा करता येते, म्हणून रॅक पुढे ओढत नेला नाही. उरले १,४००. खोलीचे ६०० वजा जाता नफा ८००. नफा ४०० च्या वर गेला की स्वयंरोजगार कर लागतो : नफ्याच्या ९२.३५ टक्क्यांवर १५.३ टक्के, इथे ११३ डॉलर. त्यावर १२ टक्क्यांच्या टप्प्यातला आयकर शंभरच्या आसपास. एकूण ढोबळ २०० डॉलर.

हाच माणूस हौशी ठरला तर? मग त्याचं उत्पन्न रिटर्नच्या शेड्यूल १ वर पूर्ण करपात्र आणि खर्चाची वजावट नाही. २०१८ पूर्वी हौसेचा खर्च काही मर्यादेत, उत्पन्नापुरता का होईना, घेता येत असे. २०१७ च्या कायद्याने तो २०२५ पर्यंत थांबवला आणि जुलै २०२५ च्या कायद्याने कायमचा बंद केला. विकत घेऊन विकलेल्या प्राण्याची खरेदी किंमत तेवढी विक्रीतून वजा होते, पण घरी जन्मलेल्या पिल्लांना त्या वाटेचा फारसा उपयोग नाही. ६,०५० चे १२ टक्के म्हणजे ७२६ डॉलर. हातात शिल्लक १,४०० आणि त्यातून निम्म्याहून जास्त कर. मला हे अन्यायाचं वाटतं आणि मी ते प्रत्येक अशिलाला स्पष्ट सांगते. ज्याचा कागद कच्चा, त्याच्यावर हा भार पडतो. छोट्या माणसाचाच कागद बहुतेक वेळा कच्चा असतो.

निघताना तो विचारतो, मला हे मनापासून आवडतं, ते माझ्या विरोधात जाईल का? नाही. कामात आनंद मिळतो एवढ्यावरून नफ्याचा हेतू नाही असं ठरत नाही, हे नियमातच लिहिलेलं आहे. हे ऐकून त्याचा चेहरा खुलतो.

दुपारी साडेबारा

तिथून तशीच हॅम्बर्गला. ॲलनटाउनहून पश्चिमेला सुमारे ३० मैल. तिथल्या फील्ड हाउसमध्ये वर्षातून काही शनिवारी सरपटणाऱ्या प्राण्यांचा बाजार भरतो. माझ्या काही अशिलांची तिथे टेबलं आहेत, आणि बाजारात माणूस पैसे कसे घेतो हे एकदा पाहिलं की त्याचा वर्षाचा हिशेब कुठे गळतो ते कळतं.

पारदर्शक डब्यांच्या रांगा, डब्यावर जनुकांची नावं, लिंग, जन्मवर्ष, किंमत. लहान मुलं नाक काचेला लावून उभी. रोख पैसे सर्रास चालतात. रोखीत गैर काही नाही, फक्त संध्याकाळी घरी जाताना पाकिटात किती होते आणि सकाळी सुट्टे किती नेले होते हे त्याच दिवशी लिहायला हवं. एका तरुण बाईकडे पावतीपुस्तक आहे, कार्बनची प्रत निघते तसलं. प्रत्येक विक्रीला ती सापाचा क्रमांक लिहिते, तोच क्रमांक घरी टबावर. एवढी साखळी असली की कुणीही तपासायला येवो.

राज्याचा विक्रीकर ही इथली दुसरी बाब. पेनसिल्व्हेनियात ६ टक्के, फिलाडेल्फियात ८. टेबलावर विकलेल्या सापावर तो गोळा करून राज्याला भरायचा असतो. तो पैसा आपला नसतो, म्हणून मी वेगळा डबा ठेवायला सांगते. हौशी असलात तरी विक्रेता तुम्ही आहातच.

गाडीच्या मैलांचंही इथेच सांगते. २०२५ साठी मैलाला ७० सेंट, म्हणजे ॲलनटाउनहून येऊन-जाऊन ६० मैलांचे ४२ डॉलर. पण तारीख, ठिकाण, मैल आणि कारण त्या वेळी टिपलेलं हवं. इथे अंदाज चालत नाही.

दुपारी साडेतीन

कार्यालयात गेको पाळणारी नर्स येऊन थांबली आहे. तिला आयआरएसचं पत्र आलंय : बरीच वर्षं तोटा, तो पगारातून वजा केलेला, खुलासा करा. तिचे हात थरथरतायत. रुग्णालयात रात्रपाळी करून ती इकडे आली आहे.

पावत्या अर्ध्या आहेत. ब्रॉडवेचे प्रसिद्ध नट-निर्माते जॉर्ज एम. कोहान, ज्यांचा पुतळा टाइम्स स्क्वेअरला आहे, त्यांच्याकडेही प्रवास-मेजवान्यांच्या पावत्या नव्हत्या. १९३० मध्ये न्यायाधीश लर्नेड हँड यांनी निर्णय दिला : खर्च झाला हे उघड आहे, तर शून्य देणं योग्य नाही, अंदाज करा, मात्र अंदाजाचा तोटा पावत्या न ठेवणाऱ्याच्या माथी टाका. तो नियम आजही आधाराला येतो. गेको आहेत म्हणजे किडे लागले, उष्णतेचे पट्टे लागले, हे नाकारता येणार नाही. पण प्रवास आणि गाडी यांना कोहान लागू नाही. पुढे अमेरिकी काँग्रेसने कलम २७४ आणून ती वाट बंद केली.

खरा प्रश्न तोट्याचा आहे. १९७९ चा गोलँटी खटला मी प्रत्येक पैदासकाराला सांगते. अरबी घोड्यांची पैदास होती, नोंदीही होत्या. तरी गोलँटीबाई हरल्या. न्यायालयाने म्हटलं ते असं की वह्या फक्त करासाठी लिहायच्या नसतात. त्या वाचून तोटा कमी करायला पावलं उचलायची असतात. मी नर्सला विचारते, वह्या पाहून तुम्ही कधी काही बंद केलं का?

ती पिशवीतून एक वही काढते. दोन वर्षांपूर्वीच्या पानावर एका रंगाच्या जोड्यांचा हिशेब मांडलेला. त्या पिल्लांचा भाव उतरला होता, एका पिल्लामागे खाद्यच विक्रीपेक्षा जास्त जात होतं. खाली लाल शाईत : ‘या जोड्या यंदा लावायच्या नाहीत. नर विकायचा.’ आणि पुढच्या पानावर नर विकल्याची तारीख.

दीड तास आम्ही त्या पानाभोवती उत्तर लिहितो. तोटा वर्षागणिक कमी होत आलेला आकड्यांत दाखवतो, बंद केलेल्या जोड्या, बदललेला किड्यांचा पुरवठादार, शिकण्यासाठी घेतलेली पुस्तकं. वहीच्या पानांच्या प्रती जोडतो, मूळ तिच्याजवळच. निकाल काय लागेल ते मी सांगू शकत नाही. पण ही बाई मनापासून धंदा उभा करतेय, हे आता कागदावर दिसतं. राज्याच्या रिटर्नमध्ये तर तिने तोटा पगारातून वजा केलेलाच नाही. पेनसिल्व्हेनिया एका प्रकारच्या उत्पन्नातला तोटा दुसऱ्यातून घेऊ देत नाही आणि सरसकट ३.०७ टक्के लावतं.

संध्याकाळी सहा

फोन एकामागून एक. सगळ्यांचा प्रश्न एकच : पैसे ॲपवरून आले, १०९९-के फॉर्म आला नाही, मग दाखवायचे का? दाखवायचे. २०२१ मध्ये या फॉर्मची मर्यादा ६०० डॉलरवर आणायचं ठरलं, अंमल पुढे ढकलत राहिला, आणि जुलै २०२५ मध्ये जुनी मर्यादा परत आली : २०,००० डॉलरपेक्षा जास्त रक्कम आणि २०० हून जास्त व्यवहार. ही मर्यादा फक्त ॲप कंपनीने फॉर्म पाठवण्याची आहे. उत्पन्न पहिल्या डॉलरपासून उत्पन्नच. साप हप्त्याने विकला असेल तर रोखीच्या पद्धतीने हिशेब ठेवणाऱ्याने हप्ता मिळाला त्या वर्षी तो दाखवायचा.

एकीने विचारलं, पावत्या किती वर्षं ठेवू? रिटर्न भरल्यापासून साधारण तीन वर्षं. मात्र पैदाशीच्या प्राण्याची खरेदी पावती तो प्राणी जवळ आहे तोवर आणि त्यानंतरही तीन वर्षं. बॉल पायथन सहज वीस-तीस वर्षं जगतो. सेंट लुइसच्या प्राणिसंग्रहालयात १९६१ पासून असलेल्या एका मादीने जुलै २०२० मध्ये सात अंडी घातली, तेव्हा ती किमान ६२ वर्षांची होती. म्हणून पावतीचा फोटो काढून ठेवायचा. यंत्रावरच्या पावतीची शाई तेवढी टिकत नाही.

रात्री साडेआठ

जेवण झाल्यावर पिट्सबर्गहून एका मुलाचा फोन. सांगली जिल्ह्यातला, गावी सर्पमित्र होता, घराघरांतून नाग-घोणस पकडून रानात सोडायचा. तिकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे देशी साप पाळणं शक्यच नव्हतं. इथे संगणकाची नोकरी लागली आणि त्याने कॉर्न स्नेकची जोडी आणली. गेल्या वर्षी पिल्लं झाली, काही विकली.

‘ताई, शेड्यूल सी भरूया ना? रॅकचे पैसे तरी सुटतील.’

मी त्याला थांबवते. तो एच-वन-बीवर आहे. त्या व्हिसावर फक्त अर्ज करणाऱ्या कंपनीचं काम करता येतं. शेड्यूल सी भरणं म्हणजे मी स्वतःचा धंदा चालवतो, असं सहीनिशी सरकारला सांगणं. करात चांगला दिसणारा कागद उद्या ग्रीन कार्डाच्या वेळी त्याच्यासमोर ठेवला जाऊ शकतो. ‘विक्री लपवायची मात्र नाही रे. जे आलं ते दाखवायचंच. पण ते कसं दाखवायचं आणि पुढे विकायचं की नाही, हे आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचार. मी त्यातली नाही.’ आपल्या किती मुलांना हे कुणी सांगतच नाही. शंभर-दोनशे डॉलरच्या पिल्लांपायी कुणाचं इथलं राहणं धोक्यात येऊ नये.

त्याच्या पुण्यातल्या मावसभावाकडे बॉल पायथन आहे, त्याचंही तो विचारतो. तिकडचे कर मी पाहत नाही, पण नोंदणीचा नियम माहीत आहे. बॉल पायथन साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो. अशा परदेशी प्राण्यांसाठी भारतात २८ फेब्रुवारी २०२४ ला नियम आले. सरकारच्या परिवेश पोर्टलवर सहा महिन्यांत नोंदणी करायची होती, आणि त्यानंतर प्राणी ताब्यात आल्यापासून तीस दिवसांत. पिल्लं झाली, प्राणी दुसऱ्याला दिला, मेला, तरी कळवायचं. कॉर्न स्नेक त्या परिशिष्टांत नाही. ‘भावाला म्हणावं, नोंदणी नसेल तर वनखात्याच्या कार्यालयात जाऊन भेट. लपवून ठेवू नको.’

रात्री दहा

उद्याच्या फाइली लावून ठेवते. सकाळच्या बसचालकाला आगाऊ कराच्या चार हप्त्यांच्या तारखा पाठवते : १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर, १५ जानेवारी.

अमेरिकेत राहून सापांची, पालींची, कासवांची पैदास करणाऱ्या मराठी वाचकांना एक विनंती. रिटर्न भरायला बसण्याआधी गेल्या वर्षीची टबांवरची कार्डं एकत्र काढा, प्रत्येकावर खरेदी आणि विक्रीची किंमत लिहा, अदलाबदलीचे निरोप फोनमध्ये शोधून त्यांचे फोटो जपा, आणि हे सगळं आपल्या करसल्लागाराला मार्च संपायच्या आत द्या. तेवढ्यात जमणार नसेल तर फॉर्म ४८६८ भरा. त्याने रिटर्न भरायची मुदत १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते. कर मात्र १५ एप्रिललाच भरावा लागतो.